च्या सोडू नका, फक्त भाकरीपासून तासभर लांब ठेवा

माण-खटाव : "बाजरीची भाकरी खातोय, पालेभाजी खातोय, तेल लाकडी घाण्याचं आणतोय, मग हिमोग्लोबिन ८.६ कसं काय?" गेल्या वर्षी ग्रामीण रुग्णालयात मी डॉक्टरांना हाच प्रश्न विचारला. रिपोर्ट आमच्या घरच्या मंडळींचा होता. बाईमाणसाचं हिमोग्लोबिन १२ च्या पुढं पाहिजे. डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या, आणखी दोन तपासण्या सांगितल्या आणि मग उलट विचारलं, "जेवल्यावर चहा किती वेळानं घेता?" ही म्हणाली, "किती वेळानं कशाला? सोबतच असतो की."

डॉक्टर हसले. म्हणाले, "भाकरी बरोबर आहे ताई, वेळ चुकतीय."

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात बसलाय. कारण आपल्या भागात सध्या जुन्या खाण्याकडं परत जाणारी बरीच घरं दिसतात. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर झालं, तेव्हापासून ज्वारी-बाजरीला शहरातही मान आला. गावात तर कुणी मैदा बंद केला, कुणी बेकरीचे टोस्ट-खारी बंद केली, कुणी नाचणीची आंबील परत सुरू केली. चांगली गोष्ट आहे. पण प्रत्येक घरात गाडी एकाच ठिकाणी अडते, ती म्हणजे चहा. मोबाईलवर एक मेसेज येतो, चहा म्हणजे विष, आजच सोडा. दुसरा येतो, साखर काढा, गूळ घाला, चहा औषध होतो. मी दोन्ही प्रकार घरात करून बघितले. दोन्ही अर्धवट आहेत.

चहा आपला नाही, पण मिरची तरी कुठं आपली

आधी हे मिटवून टाकू. चहा आपल्या आज्या-पणज्यांच्या खाण्यातला नव्हता हे खरं. इंग्रजांनी आसामात १८३० च्या दशकात मळे लावले ते इंग्लंडला माल पाठवायला. इथल्या माणसानं चहा प्यावा म्हणून नंतर मुद्दाम प्रचार झाला. १९०३ साली कायदा करून चहावर उपकर बसवला आणि त्या पैशातून रेल्वे स्टेशनं, गिरण्या, बाजार अशा ठिकाणी चहा करून दाखवणं, पाजणं सुरू झालं. पुढं आसामातच १९३० च्या सुमारास पानं चुरडून दाणेदार पावडर करणारं मशीन निघालं. ही पावडर थोडी टाकली तरी रंग गडद आणि चव कडक. स्वस्तात जास्त कप निघायला लागले, तसा चहा वाडी-वस्तीवर पोचला.

पण मग मिरची, भुईमूग, बटाटा, टोमॅटो, मका हे सगळं पण समुद्रापलीकडूनच आलं. हिरव्या मिरचीचा ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी काढली तर आपल्या भाकरीसोबत उरतं काय? परका म्हणून चहा सोडायचा हे कारण टिकत नाही. चहानं आपल्या ताटातलं काय ढकलून दिलं, हे बघायला पाहिजे.

आणि त्यानं न्याहारी ढकलली. माझी आज्जी सांगायची, सकाळी रानात जाताना शिळी भाकरी, ताक, कांदा खाऊन जायचे. आता सकाळी च्या-बटर, नाहीतर च्यात बुडवून चपाती. दहा वाजता पोटात कलकलतंय म्हणून परत च्या. म्हणजे एक अख्खं जेवण गेलं आणि त्याच्या जागी साखरेचं पाणी आलं. पोरांचंही तेच. शाळेला जाताना कपभर चहा आणि चार बिस्किटं. लहान पोरांना तर चहा देऊच नये, असं डॉक्टर स्पष्ट सांगतात.

भाकरीतलं लोह जातं कुठं?

हा मुद्दा जरा नीट वाचा, कारण खरी गोम इथं आहे.

१०० ग्रॅम बाजरीत सहा मिलिग्रॅमच्या वर लोह असतं. ज्वारीत चारच्या आसपास, नाचणीत साडेचारच्या वर. तांदळात एक मिलिग्रॅमसुद्धा नसतं. म्हणून बाजरी भारी. पण धान्य-भाजीपाल्यातलं लोह शरीर सगळं घेत नाही. शंभरातले पाच-दहा भाग आत जातात, बाकी तसंच बाहेर. बाईमाणसाला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह पोटात जायला पाहिजे, असं भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं प्रमाण आहे. पुरुषाला १९. बायकांचा आकडा मोठा, कारण दर महिन्याला त्यांच्या अंगातून रक्त जातं. आणि घरात शेवटी जेवायला कोण बसतं हे मी सांगायला नको.

आता चहाची गंमत. चहात जे तुरट द्रव्य असतं, जिभेला जे कोरडं कोरडं लागतं, त्याला टॅनिन म्हणतात. कातडी कमावायला बाभळीची साल वापरतात ती अशाच टॅनिनसाठी. हे टॅनिन पोटात भाकरीतल्या लोहाला गाठ मारतं. गाठ बसली की ते लोह रक्तात जात नाही. जेवणासोबत चहा घेतला तर मिळणारं लोह निम्म्याहून जास्त घटतं, असं प्रयोगांत दिसलंय. कॉफीनंही घटतं, पण चहाइतकं नाही. चहात दूध घातलं म्हणून सुटका होत नाही, दुधातलं कॅल्शियमसुद्धा लोहाच्या वाटेत आडवं येतंच.

मटण-मासळीतल्या लोहाचं वेगळं आहे. त्याला चहा फारसा अडवत नाही. त्यामुळं त्रास जास्त कुणाला, तर ज्यांचं सगळं पोषण भाकरी, डाळ, मटकी, पालेभाजीवर आहे त्यांना. म्हणजे जे जुन्या पद्धतीचं साधं खातात त्यांनाच. आमच्या घरी नेमकं हेच झालं होतं.

आमचा दिवस बघा. सकाळी सहाला चहा. अकरा वाजता रानात भाकरी, आणि सोबत किटलीतून आलेला चहा. भाकरी संपायच्या आधी कप हातात. संध्याकाळी घरी आल्यावर परत चहा, आणि त्याच्या मागोमाग जेवण. म्हणजे दिवसातल्या दोन्ही भाकरींच्या मानगुटीवर चहा. खुरपणीच्या टोळीत कुठंही जा, बायकांचा हाच क्रम आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९-२१ ची आहे, तिच्यात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. त्याला एकटा चहा जबाबदार आहे असं मी म्हणत नाही. पाळीत जास्त रक्त जाणं, जंत, लागोपाठ बाळंतपणं, अपुरं जेवण, कारणं पुष्कळ. म्हणून रक्त कमी निघालं तर आधी तपासणी आणि गोळ्या. चहाची वेळ बदलणं त्याच्या जोडीला आहे, त्याच्या जागी नाही.

राष्ट्रीय पोषण संस्था हैदराबादला आहे. तिनं २०२४ मध्ये आहाराच्या सूचना काढल्या, त्यात साधं सांगितलंय : जेवणाच्या आधी किमान एक तास आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी घेऊ नका. चहा बंद करा असं लिहिलेलं नाही.

आशाताई जी लाल गोळी देतात, तिचंही असंच. गरोदर बाईला ती १८० दिवस रोज घ्यायची असते. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह. बऱ्याच घरात गोळी चहासोबत गिळतात, कारण हातात तोच कप असतो. मग गोळी असून नसल्यासारखी. गोळी पाण्यासोबत घ्या, लिंबूपाणी असलं तर उत्तम. आणि कॅल्शियमची पांढरी गोळी त्याच वेळी घेऊ नका, ती दुसऱ्या वेळेला.

गुळाचा चहा : माझ्या आईची फसगत

आमच्या आईला साखरेचा आजार आहे. तिनं कुणाच्या तरी सांगण्यावरून गुळाचा चहा सुरू केला आणि मग निर्धास्तपणे दिवसाला पाच कप प्यायला लागली. "गुळानं काय होतंय?" तीन महिन्यांनी शुगर तपासली तर वाढलेली.

गूळ म्हणजे उसाचाच रस आटवलेला. त्यात बहुतेक भाग साखरच असते, थोडं पाणी आणि थोडी खनिजं. मधुमेहवाल्याच्या रक्ताला गूळ आणि साखर यात फार फरक कळत नाही. ज्यांना हा आजार नाही त्यांनी चवीसाठी गूळ जरूर घालावा. मलाही तोच आवडतो. पण औषध समजून नको.

"गुळात लोह असतं" हेही खरं आहे. १०० ग्रॅम गुळात साडेचार मिलिग्रॅमच्या जवळपास. पण एका कपाला आपण घालतो दहा ग्रॅम. त्यात अर्धा मिलिग्रॅमसुद्धा लोह येत नाही, आणि तेवढं लोह आपण टाकतो कशात? टॅनिनच्या पाण्यात! रक्तासाठी गूळ खायचाच असेल तर शेंगदाण्यासोबत खा, चहात विरघळवून नको.

ज्यांचा गुळाचा चहा फुटतो त्यांच्यासाठी एक घरगुती गोष्ट. गुळात थोडी आंबट बाजू असते, दूध उकळत असताना गूळ पडला की ते नासतं. म्हणून आमच्याकडं पाणी, पावडर, आलं आणि गूळ आधी एकत्र उकळून घेतात, दूध वेगळं तापवतात, आणि गॅस बंद केल्यावर दोन्ही एकत्र करून लगेच गाळतात. एकत्र केल्यावर परत उकळायचं नाही.

साखरेचा हिशोब मी वहीत मांडला. एका कपाला दोन चमचे म्हणजे दहा ग्रॅम. घरात पाच माणसं, माणशी चार कप. दिवसाला २०० ग्रॅम, महिन्याला सहा किलो. त्यात पाहुणे वेगळे. राष्ट्रीय पोषण संस्था म्हणते माणसाला दिवसाला २५ ग्रॅमच्या वर साखर नको, आणि आमच्याकडं निव्वळ चहातच ४० जात होती. कारखान्याची सभासद-साखर स्वस्तात मिळते म्हणून हात ढिला राहतो, हे माझं मत. आता दोनाचा दीड चमचा, मग एक, असं करत आलोय. एकदम कमी केली असती तर घरात भांडण झालं असतं. महिन्याभरात जीभ सवय करून घेते. आता पाहुण्याच्या घरी गोड चहा मिळाला की नको वाटतो.

कॉफीचं काय?

आपल्या गावाकडं कॉफी म्हणजे पाहुणे आले तर, किंवा बारावीच्या पोरांना रात्रीच्या अभ्यासाला. वरून जायफळ किसून घालायची आपली मराठी पद्धत. पण कॉफी अगदीच परकी नाही. कर्नाटकात चिकमगळूरच्या डोंगरात बाबा बुदन नावाच्या सूफी फकिरानं सतराव्या शतकात अरबस्तानातून सात बिया आणून लावल्या, अशी कथा सांगतात. आणि आपल्या अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला कॉफीची लागवड आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

कॉफीत तरतरी आणणारं कॅफीन चहापेक्षा जास्त. पोषण संस्थेच्या आकड्यानुसार १५० मिलिलीटरच्या कपात गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, झटपट कॉफीत ५० ते ६५, चहात ३० ते ६५. दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम. आपला हॉटेलचा कटिंग लहान असतो, त्यामुळं तीन-चार कटिंगवाल्यानं घाबरायचं कारण नाही. पण गरोदर बाईनं, रक्तदाब वाढलेल्यानं आणि झोप न येणाऱ्यानं हात आवरावा. कॅफीनचा निम्मा भाग अंगातून जायला पाच-एक तास लागतात, म्हणून संध्याकाळी सहाचा कप रात्री अकराला जागं ठेवतो. आता रात्रीची लाईट असते आणि दारं धरायला जावं लागतं, तेव्हा मी स्वतः थर्मास घेऊन जातो. त्या रात्री जागं राहायचंच असतं, तिथं पथ्य सांगू नका!

कॉफीची पुडी घेताना मागं वाचा. बऱ्याच पुड्यांत चिकोरी मिसळलेली असते. ती एका झाडाची भाजलेली मुळी, स्वस्त पडते. कायद्यानं चालते, फक्त किती टक्के हे छापलेलं पाहिजे. ग्लासभर पाण्यावर चिमूटभर पावडर टाकली तर कॉफी तरंगते, चिकोरी रंगाची रेघ ओढत खाली बसते. चहाच्या सुट्ट्या पावडरीचंही असंच बघता येतं. गाळणकागद ओला करून त्यावर पावडर पसरा, मग नळाखाली पावडर धुऊन टाका आणि कागद उजेडात धरा. रंगाचे डाग राहिले तर पावडरीला रंग लावलेला आहे. बाजारातून सुट्टी पावडर आणणाऱ्यांनी एकदा करून बघाच.

आम्ही काय बदललं

चहा सोडायचा प्रयोग मी आधी केला होता. एका सोमवारी एकदम बंद. दुसऱ्या दिवशी डोकं असं ठणकलं की बैलाच्या दोरीला हात लावायचं सुधरेना. ते कॅफीन अचानक तुटल्यामुळं होतं, आठवडाभरात आपोआप जातं. पण मी तिसऱ्याच दिवशी माघार घेतली. म्हणून ज्यांना कमीच करायचाय त्यांनी चार-पाच दिवसांनी एकेक कप उतरवावा.

दुसऱ्या वेळी कप फार कमी केले नाहीत, जागा बदलल्या. सकाळी सहाचा चहा तसाच ठेवला, पण लहान कप. साडेसातला न्याहारी परत सुरू केली. बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी, कधी मोड आलेली मटकी, कधी आंबील. मोड आणणं, आंबवणं या जुन्या रीती उगाच नव्हत्या. त्यानं धान्या-कडधान्यातलं लोह धरून ठेवणारं दुसरं एक द्रव्य कमी होतं. ताटात लिंबाची फोड आली, कारण लिंबू, आवळा, पेरू यातलं क जीवनसत्त्व लोहाला आत न्यायला मदत करतं. भाजी लोखंडी कढईत. रानात जाणारी किटली अकराच्या भाकरीसोबत जायची बंद झाली. आता जेवण एकला आणि चहा साडेतीन-चारला, नेमकी अंगातली शक्ती कमी होते त्या वेळी. संध्याकाळचा चहा घरी आल्या आल्या साडेसहाला, जेवण आठला. गोळी रात्री, लिंबूपाण्यासोबत.

पहिले पंधरा दिवस टोळीतल्या बायकांनी हिला हसून घेतलं, "मोठी शहरवाली झाली." मग एकीची सून दवाखान्यात गेली, तिचंही रक्त कमी निघालं, तेव्हा हसणं थांबलं. आता त्या टोळीचा चहा तीनच्या पुढंच येतो.

चहा उकळायची पद्धतही बदलली. आपल्याकडं पावडर टाकून दहा-दहा मिनिटं कढवतात, रंग विटकरी झाल्याशिवाय चहा झाला असं वाटत नाही. जितकं कढवाल तितकं टॅनिन जास्त उतरतं. गांधीजी १९४२ साली पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कैदेत होते, तिथं त्यांनी आरोग्यावर एक छोटं पुस्तक लिहायला घेतलं. चहा-कॉफीची शरीराला गरज नाही असंच त्यांचं म्हणणं होतं. पण प्यायचाच असेल तर पावडर उकळू नये, गाळणीत ठेवून वरून उकळतं पाणी ओतावं, रंग गवताच्या काडीसारखा पिवळसर यावा, असं त्यांनी सुचवलं. कारण त्यांनी दिलं ते टॅनिनचंच. असा पिवळा चहा आमच्या घरी कुणी पिणार नाही हे मला माहीत आहे. आम्ही उकळी आल्यावर पावडर टाकून दोन मिनिटांत गॅस बंद करतो, इतपत जमलंय.

परसातला गवती चहा मात्र बिनधास्त. नावात चहा असला तरी ते चहाचं झाड नाही, त्यात कॅफीनही नाही. नुसती गवती चहाची पात, आलं, तुळस उकळून घेतली तर तो काढा झाला. त्यात पावडर पडली की सगळे नियम परत लागू.

तीन महिन्यांनी हिचं हिमोग्लोबिन १०.९ आलं. डॉक्टर म्हणाले गोळ्या अजून बंद करायच्या नाहीत, आणखी तीन महिने तरी.

आईचं अजून चालूच आहे. दिवसाला दोन कप बिनसाखरेचे कबूल केलेत, आणि पाळते पण. फक्त सोमवारी दहिवडीच्या बाजाराला गेली की ओळखीच्या हॉटेलात बशीत ओतून एक गोड च्या पिऊन येते. कपाळावर आठ्या न पाडता मला सांगते, "पिला नाही." मिशीवर साय माझ्या असते, तिच्या लुगड्याला मात्र चहाचा डाग असतो.